वयाची पडताळणी आणि नागरिकाचा खाजगीपणा

'अ' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला आलेल्या मुलास चित्रपटगृहाचा द्वारपाल परत पाठवितो. समोरची व्यक्ती प्रौढ आहे, एवढेच त्याला पाहावयाचे असते. तिचे नाव तो विचारीत नाही आणि कोण येऊन गेले याची नोंदही त्याच्यापाशी उरत नाही. इंटरनेटच्या दारावर असा द्वारपाल बसविण्याचा प्रयत्न ब्रिटनने दोनदा केला. तेथील अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

पहिला प्रयत्न २०१७ च्या डिजिटल अर्थव्यवस्था कायद्याचा. अश्लील संकेतस्थळांनी येणाऱ्याचे वय तपासावे, अशी त्यात तरतूद होती व देखरेख चित्रपटांचे वर्गीकरण करणाऱ्या मंडळाकडे सोपविली होती. ती तरतूद अमलात आलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारने तिचा नाद सोडला. त्यानंतर २०२३ साली ऑनलाइन सुरक्षा कायदा संमत झाला आणि २५ जुलै २०२५ पासून वयाची तपासणी बंधनकारक झाली. "मी अठरा वर्षांचा आहे" या चौकटीवर बोट ठेवणे आता पुरत नाही. छायाचित्र असलेले ओळखपत्र, क्रेडिट कार्ड, बँकेकडील माहिती किंवा चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, असा एखादा मार्ग अवलंबावा लागतो. नियम मोडणाऱ्या कंपनीस १ कोटी ८० लक्ष पौंड अथवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो.

मुलांचे रक्षण व्हावे याविषयी दुमत नाही. परंतु मूल ओळखून वगळावयाचे, तर प्रत्येक प्रौढासही आपले वय सिद्ध करावे लागते. आणि ओळखपत्र दाखविले की वयाबरोबर नाव, पत्ता, छायाचित्र हेही दुसऱ्याच्या हाती जाते. ही भीती काल्पनिक नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या संवादसेवेने जाहीर केले, की तिच्या एका बाहेरील सेवापुरवठादाराकडील सुमारे ७०,००० लोकांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे परक्यांच्या हाती पडली असावीत. वयाबाबतच्या तक्रारींसाठीच ती देण्यात आली होती! शिवाय आपण अन्य देशात आहोत असे भासविणारी व्हीपीएन ही सोय वापरून पळवाट काढणारे निघतातच.

फ्रान्सने यावर निराळा विचार केला आहे. वय प्रमाणित करणाऱ्या संस्थेस ग्राहक कोणत्या संकेतस्थळावर जात आहे हे कळू नये, आणि संकेतस्थळास ग्राहक कोण हे कळू नये, अशी 'दुहेरी अनामिकते'ची निदान एक पद्धत उपलब्ध ठेवावी, असे तेथील नियामकाचे बंधन आहे. संकेतस्थळाच्या हाती पडतो तो केवळ 'अठरा पूर्ण' एवढा दाखला. द्वारपालाच्या जुन्या रीतीच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था हीच होय. अर्थात थोरल्या भावाचा दाखला धाकट्याने वापरला, तर तीही हतबल ठरते.

भारतात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अश्लील साहित्याकरिता केलेला नाही. तथापि अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घेणे त्याने आवश्यक ठरविले आहे. म्हणजे येथेही कोणी तरी वय व नाते तपासणे आलेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार पालकाची ओळख व वय डिजिटल लॉकरमार्फत मिळणाऱ्या आभासी संकेतानेही पटविता येते. संमतीविषयीच्या या तरतुदी नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी अमलात यावयाच्या आहेत.