नर्सी ते घुमान : एका प्रवासाची आखणी

दूरच्या प्रवासास निघणारा मनुष्य बहुधा दोनच गोष्टी पाहतो : कोठून निघावयाचे आणि कोठे पोहोचावयाचे. या दोन टोकांच्या मध्ये जे अंतर पसरलेले असते, त्याचा विचार तो वाटेवर सोडून देतो. वाहन वेगवान असले म्हणजे वाट आपोआप सरेल, असे त्याला वाटते. परंतु वाट वाहनाला तोडावयाची असली, तरी ती सोसावयाची असते माणसांना. म्हणून प्रवासाची खरी आखणी मुक्कामांपासून सुरू होते.

ही गोष्ट एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या परिसरात नर्सी नावाचे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म 1270 साली झाला. भागवत धर्माची पताका घेऊन ते उत्तरेकडे गेले आणि आयुष्याचा बराच काळ त्यांनी पंजाबात घालवला. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने पावन झाले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे समाविष्ट आहेत. 2015 च्या एप्रिल महिन्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 88 वे अधिवेशन याच घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्राचे लक्ष या दूरच्या गावाकडे पुन्हा वेधले गेले. तेव्हा समजा, नर्सीच्या एखाद्या कुटुंबाने आपल्या वृद्ध आजीला घेऊन स्वतःच्या मोटारीने घुमानला जाण्याचे ठरवले. तर त्या कुटुंबाने काय काय विचार करावा?

प्रथम नकाशा उघडावा. नर्सीहून वाशीम, कारंजा, अमरावती, बैतूल, भोपाळ, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, पानिपत, अंबाला, लुधियाना, जालंधर या मार्गाने घुमान सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर भरते. या वाटेवर महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान, हरियाणा आणि पंजाब अशी सहा राज्ये लागतात. आणि मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश ही राज्ये एकमेकांत गुंतलेली असल्याने राज्यांची सीमा किमान सात वेळा ओलांडावी लागते. पूर्णा, नर्मदा, चंबळ, सतलज आणि बियास या नद्या वाटेत आडव्या येतात. एवढी वाट तीन दिवसांत तोडू, असे उत्साही तरुण म्हणेल. पण त्याच्या हिशेबात एक मोठी चूक आहे. घड्याळाच्या काट्याला भूक लागत नाही, पाय आखडत नाहीत आणि झोपही येत नाही. माणसाला या तिन्ही गोष्टी होतात.

हा धडा हिंगोली जिल्ह्याला नवा नाही. आषाढी वारीसाठी शेगावहून निघणारी श्रीगजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी, औंढा नागनाथ आणि जवळा बाजार या वाटेने हा जिल्हा ओलांडून पंढरपूरकडे जाते. सुमारे महिनाभराच्या या पायी वाटचालीत रोज किती चालावयाचे, दुपारचा विसावा कोठे घ्यावयाचा आणि रात्रीचा मुक्काम कोठे करावयाचा, हे सारे आधीच ठरलेले असते. ज्या गावी पाणी, जागा आणि अन्न यांची सोय होते, तेथेच मुक्काम पडतो. शिवाय पालखीची चाल सर्वांत चपळ वारकऱ्याच्या पावलांवरून ठरत नाही. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या माउलीलाही सांजेपर्यंत मुक्काम गाठता यावा, अशा बेताने ती ठरते. मोटारीच्या प्रवासालाही हाच नियम लागू आहे. आखणीचे माप मोटार नव्हे. मोटारीतील सर्वांत लवकर थकणारा मनुष्य हे तिचे माप होय.

हे माप हाती घेतले, की आखणी सोपी होते. चहापाणी, जेवण, गर्दी आणि खराब रस्ता जमेस धरून तासाला सरासरी 50 किलोमीटर अंतर तोडले जाईल, असे मानावे. दिवसाला सहा-सात तासांहून अधिक वाटचाल नको, असे ठरवले, तर रोजचा पल्ला तीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे सहसा जाऊ नये. या हिशेबाने पहिला मुक्काम सातपुड्यातील बैतूल येथे पडतो. दुसऱ्या दिवशी बैतूल ते भोपाळ हा पल्ला जेमतेम 180 किलोमीटरांचा आहे. तो मुद्दामच लहान ठेवावा. कारण वाटेत नर्मदा आहे आणि पुढे भीमबेटका आहे. तेथील शैलाश्रयांतील भित्तिचित्रे आदिमानवाच्या हातची असून 2003 साली त्या स्थळाचा जागतिक वारसा म्हणून गौरव झाला. तिसऱ्या दिवशी सांचीचा स्तूप पाहून सागरमार्गे झाशी गाठावयाची. हा पल्ला पावणेचारशे किलोमीटरांचा, म्हणजे सर्वांत मोठा. म्हणूनच त्याच्या आधीचा दिवस हलका हवा आणि नंतरचाही. चौथ्या दिवशी झाशी ते आग्रा ही 220 किलोमीटरांची वाट असून ग्वाल्हेरचा किल्ला तिच्यावरच आहे. पाचवा मुक्काम पानिपतचा. 14 जानेवारी 1761 रोजी ज्या भूमीवर मराठ्यांनी आपले रक्त सांडले, तिच्यावरून मराठी मनुष्याने केवळ धूळ उडवीत निघून जाणे बरे नव्हे. सहाव्या दिवशी अंबाला व लुधियाना मागे टाकून जालंधरला विसावा घ्यावा. तेथून घुमान सत्तर किलोमीटरांच्या आसपास राहते. सातव्या दिवशी सकाळी, ताज्या मनाने व स्वच्छ वस्त्रांनी, त्या पवित्र स्थळी प्रवेश करावा. थकून-भागून रात्री दहाला पोहोचणारा यात्रेकरू देवळाच्या दारातच जांभया देतो!

आता काळाचा विचार. घुमानला नामदेवांच्या पुण्यस्मरणाचा मोठा मेळा जानेवारीच्या मध्यास भरतो. मेळ्याला जावे, असे आजीच्या मनात असणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच दिवसांत हरियाणा व पंजाबात दाट धुके पडते आणि कधी कधी दहा पावलांवरचे वाहनही दिसत नाही. येथे इच्छा आणि सुरक्षितता यांची गाठ पडते. मेळा साधावयाचा असेल, तर पानिपतच्या पुढील वाटचाल ऊन वर आल्यावरच करावी आणि त्यासाठी एक दिवस अधिक राखून ठेवावा. ते शक्य नसेल, तर फेब्रुवारी-मार्च हा काळ निवडावा. दोन्ही गोष्टी हव्यात आणि अधिक दिवस मात्र नको, असा हट्ट धरणे म्हणजे सर्वांचा जीव टांगणीला लावणे होय.

खर्चाचा अंदाज घरीच बांधता येतो. जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटर अंतर आणि एका लिटरला 15 किलोमीटर चाल, असे धरले, तर सुमारे 235 लिटर इंधन लागेल. त्यात पथकर, मुक्कामाचे भाडे आणि जेवणखाण मिळवावे. आणि आलेल्या बेरजेत अडीअडचणीसाठी काही रक्कम अधिक धरावी. चालकाचा परवाना, वाहनाचे नोंदणीपत्र, विमापत्र व प्रदूषण-नियंत्रणाचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे जवळ असावीत. राष्ट्रीय महामार्गांवर पथकरासाठी फास्टॅग 2021 पासून आवश्यक झाला आहे. वाहन भाड्याचे असेल, तर परराज्यांत जाण्याचा त्याचा परवाना निघण्यापूर्वीच पाहून घ्यावा. सीमेवर उभे राहून तो शोधण्यात अर्थ नसतो.

याहून मोठ्या सीमा ओलांडणारे प्रवासी जगात आहेत. युरोपात नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमहून इटलीतील रोमला मोटारीने जावयाचे, तर अंतर नर्सी-घुमानपेक्षा थोडे कमीच भरते. पण तेवढ्यात जर्मनी व स्वित्झर्लंड हे दोन देश मध्ये लागतात. लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी 1985 साली एक करार झाला आणि 1995 पासून त्यातील देशांच्या परस्परांमधील सीमांवरची नेहमीची तपासणी थांबली. आता 29 देश त्या व्यवस्थेत आहेत. तरीही तेथील सुज्ञ प्रवासी पारपत्र जवळ ठेवतो, कारण काही देश प्रसंगी तपासणी पुन्हा सुरू करतात. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर जाण्यापूर्वी तो वर्षभराचा पथकर भरतो. आणि त्या देशात युरोऐवजी फ्रँक हे नाणे चालते, हेही तो ध्यानात ठेवतो. भारतातून तेथे जाऊन वाहन चालवू इच्छिणाऱ्याला येथील परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना घेता येतो. मात्र तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे त्याने विसरू नये. संकटसमयी साहाय्य मागण्याचा क्रमांक मात्र दोन्हीकडे एकच आहे : 112.

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. युरोपीय संघात मालमोटारी व प्रवासी बस चालवणाऱ्याला साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. भारतात 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि दिवसाला आठ तासांची मर्यादा घालून दिली. घरच्या मोटारीवर अशी पाळत ठेवणारा कोणी नसतो. तेथे हा नियम स्वतःच पाळावा लागतो. ‘आता थोडेच उरले आहे,’ हे वाक्य रात्रीच्या वाटेवर फार घातक ठरते. चालकाच्या डोळ्यांवर एक क्षण झापड आली, तर उरलेले थोडेही कधी सरत नाही.

हिंगोलीच्या शेजारी नांदेड आहे. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली तेथे देह ठेवला, म्हणून पंजाबातील असंख्य भाविक आजही दक्षिणेकडे येतात. इकडून नामदेवांच्या ओढीने मराठी माणसे उत्तरेकडे जातात. शतकानुशतके या वाटेवर दोन्ही दिशांनी माणसे चालत आली. त्यांच्याजवळ वेगवान वाहने नव्हती. पण कोठे थांबावयाचे, हे त्यांना ठाऊक होते. आज वाहने वेगवान झाली आहेत. थांबण्याचे ते शहाणपण मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते. ज्या प्रवासात आजीही हसतमुखाने घुमानला पोहोचते आणि तशीच नर्सीला परतते, त्या प्रवासाची आखणी उत्तम झाली असे समजावे.

शब्दार्थ

पल्ला – एका दमात तोडावयाचे अंतर. शैलाश्रय – खडकाच्या कपारीतील निवाऱ्याची जागा. पथकर – रस्ता वापरण्याबद्दल द्यावयाचा कर. पारपत्र – परदेशी जाण्यासाठी सरकारने दिलेले ओळखपत्र. जीव टांगणीला लावणे – काळजीत वा धोक्यात टाकणे.

स्वाध्याय

1. ‘आखणीचे माप मोटार नव्हे’ असे पाठात का म्हटले आहे?

2. बैतूल ते भोपाळ हा पल्ला मुद्दाम लहान का ठेवला आहे?

3. घुमानच्या मेळ्याला जाण्यात कोणती अडचण आहे? तीवर पाठात कोणते दोन उपाय सांगितले आहेत?

4. तुमच्या गावाहून सुमारे 600 किलोमीटर अंतरावरील एखादे स्थळ निवडा. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून तेथवरच्या प्रवासाचे मुक्काम ठरवा व प्रत्येक मुक्कामाचे कारण लिहा.