परदेशी सून, परदेशात जन्मलेले मूल आणि नागरिकत्वाचे कागद

भारतीय पुरुषाशी विवाह झाला की परदेशी स्त्री आपोआप भारतीय नागरिक होते, असा समज आपल्याकडे फार दृढ आहे. तो चुकीचा आहे. विवाहामुळे तिला अर्ज करण्याची पात्रता मिळते, नागरिकत्व मिळत नाही. ते अर्जाने, नोंदणीने आणि राजनिष्ठेच्या शपथेने मिळते व नोंदणीच्या दिनांकापासूनच सुरू होते. धार आणि देवास या जुन्या पवार संस्थानांच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जातात, तेथे विवाह करतात आणि काही वर्षांनी पत्नी किंवा पती व मूल यांच्यासह परत येतात. अशा घरांना पडणारे प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

माळव्याला हा प्रश्न नवा नाही. इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर यांनी गादी सोडल्यानंतर १९२८ साली नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. त्यासाठी तिला हिंदू धर्माची दीक्षा घ्यावी लागली आणि शर्मिष्ठादेवी हे नाव मिळाले. त्या वेळी सारा वाद धर्म, जात आणि गोत्र यांच्याभोवती फिरत होता. नागरिकत्वाची चर्चा क्वचितच झाली असेल. परंतु कायद्याचे पारडे दुसरीकडे जड होते. अमेरिकेच्या १९२२ च्या कायद्यानुसार, नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावीत असे. आणि १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरविले होते. ही तरतूद १९३१ मध्ये रद्द झाली. सासरचे कागद पुरे होण्यापूर्वी माहेरचे कागद हातचे जाण्याचा हा धोका आजही वेगळ्या रूपाने उरला आहे; त्याचा विचार पुढे येईल.

आपला मूळ कायदा म्हणजे नागरिकत्व अधिनियम, १९५५. त्याच्या मूळ पाठात विवाहाच्या आधारे नोंदणीची सोय केवळ स्त्रियांसाठी होती. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आला आणि परदेशी जावयालाही तोच मार्ग खुला झाला. त्याच वेळी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली गेली. पुढे २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. आजची स्थिती अशी की, भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीने कलम ५ खाली अर्ज करण्यापूर्वीचे बारा महिने सलग भारतात राहिलेले असावे आणि त्याआधीच्या आठ वर्षांत एकूण किमान सहा वर्षे येथे काढलेली असावीत. म्हणून सुनेच्या जुन्या पारपत्रावरील येण्याजाण्याचे शिक्के जपून ठेवावेत. नवे पारपत्र आले म्हणून जुने फेकून देणे ही फार महागात पडणारी टापटीप होय.

दुसरा मार्ग आता अधिक चालतो. परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘ओसीआय’, ही योजना २००६ साली सुरू झाली. २०१५ च्या दुरुस्तीपासून भारतीय नागरिकाच्या परदेशी पतीला किंवा पत्नीला हे कार्ड मिळू शकते. मात्र विवाह नोंदलेला असावा आणि अर्जापूर्वी तो सलग दोन वर्षे टिकलेला असावा. कार्ड मिळाल्यास आयुष्यभराचा व्हिसा मिळतो आणि परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंदणी करण्याची गरज उरत नाही. कार्डधारक म्हणून पाच वर्षे झाली आणि अर्जापूर्वी एक वर्ष भारतात वास्तव्य झाले, तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ज्या व्यक्तीचे स्वतःचे किंवा आईवडील, आजीआजोबा यांचे नागरिकत्व पाकिस्तान वा बांगलादेशाचे आहे अथवा पूर्वी होते, तिला हे कार्ड मिळत नाही.

या कार्डाच्या नावातील ‘नागरिक’ हा शब्द गावाकडे फसवा ठरतो. कार्डधारकाला मतदानाचा हक्क नाही, निवडणूक लढविता येत नाही, सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. सुनेच्या नावाने चार बिघे घेऊन ठेवू, असा बेत कोणी करीत असेल तर तो तिचे नागरिकत्व होईपर्यंत थांबवावा. याहून गंभीर गोष्ट अशी की, विवाहाच्या आधारे मिळालेले कार्ड विवाहविच्छेद झाल्यास रद्द होऊ शकते. परक्या देशात, परक्या भाषेत राहणाऱ्या स्त्रीचा येथे राहण्याचा हक्क तिच्या संसारावर अवलंबून असतो, हे सासरच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे. तिचे पारपत्र कपाटात कुलूपबंद करून ठेवण्याचा अधिकार सासूसासऱ्यांना नाही आणि नवऱ्यालाही नाही.

सारी इमारत विवाहाच्या दाखल्यावर उभी राहते आणि नेमक्या याच कागदावर आपल्या चालीरीती गोंधळ घालतात. आपल्याकडे लग्नात वधूचे नाव बदलतात. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहितात. रीत सुंदर आहे, ती अवश्य पाळावी. परंतु ते नाव दाखल्यावर जाऊ देऊ नये. पारपत्रावर एक नाव आणि विवाहाच्या नोंदीत दुसरे, असे झाले की प्रतिज्ञापत्रांची रीघ लागते. आडनावांचेही तेच. पवार हे आडनाव इंग्रजीत लिहिताना कोठे पुआर, कोठे पोवार, तर कोठे पवार होते. वडिलांचे नाव कधी मधले नाव म्हणून येते, कधी येतच नाही. विवाह नोंदविण्यापूर्वी सर्व कागद एका मेजावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

वधूवर भिन्न धर्मांचे असतील आणि विवाह भारतात व्हायचा असेल, तर विशेष विवाह अधिनियम, १९५४ हा सरळ मार्ग होय. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे, नोटीस प्रसिद्ध झाल्यानंतर ३० दिवस थांबावे लागते आणि तीन साक्षीदार लागतात. महिन्याच्या सुट्टीवर आलेल्या मुलाने आल्याबरोबर नोटीस दिली नाही, तर विमानाचा दिवस उजाडतो आणि विवाह राहून जातो. विवाह परदेशात झाला असेल, तर तेथील दाखल्यावर ‘अपोस्टिल’ नावाची प्रमाणित मोहर घ्यावी. १९६१ च्या हेग करारात भारत २००५ साली सामील झाल्यामुळे, करारातील बहुतेक देशांच्या कागदांना ही एक मोहर पुरते. दाखला जर्मन किंवा फ्रेंच भाषेत असेल, तर प्रमाणित भाषांतर जोडावे.

मुलाचा प्रश्न वेगळा आहे, आणि येथे वेळ फार थोडा मिळतो. समजा, देवासचा तरुण म्युनिकमध्ये नोकरी करतो, पत्नी जर्मन आहे आणि मुलगी तेथे जन्मली. १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला केवळ वडिलांकडून वंशपरत्वे नागरिकत्व मिळे. त्या दिवसापासून आईचाही हक्क मान्य झाला. परंतु ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आहे. जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत झाली पाहिजे आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही, असे आईवडिलांनी लिहून दिले पाहिजे. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. आईकडून जर्मन नागरिकत्व मिळणाऱ्या या मुलीसाठी घराने लवकर ठरवावे: भारतीय नोंदणी करायची, की जर्मन पारपत्र काढून ओसीआय कार्ड घ्यायचे. दोन्ही पारपत्रे बाळगता येत नाहीत. भारतीय म्हणून नोंदलेल्या मुलाकडे जन्मतः दुसरे नागरिकत्वही असेल, तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावे लागते. न सोडल्यास भारतीय नागरिकत्व संपते. मूल भारतातच जन्मले आणि आईवडिलांपैकी एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर ते जन्मानेच भारतीय होय. अशा मुलासाठी जन्माचा दाखला वेळेवर घेणे एवढेच काम उरते.

शिक्षक बंधुभगिनींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वैद्यकीय प्रवेशात ओसीआय कार्डधारक विद्यार्थ्यांना ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने अनिवासी भारतीयांच्या व जादा जागांपुरते मर्यादित केले आहे. त्या दिनांकापूर्वी कार्ड मिळालेल्यांना ही मर्यादा लागू होणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. कार्डावरील दिनांक म्हणूनच दहावीच्या आधी पाहावा.

वंश सिद्ध करताना जुन्या संस्थानी कागदांना मोल येते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या नातवंडांना आजोबांचा किंवा पणजोबांचा जन्म कोठे झाला, ते दाखवावे लागते. धार काय, देवासची थोरली पाती काय किंवा धाकटी पाती काय, ही ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हती; १९४८ साली ती मध्य भारतात विलीन झाली. त्यामुळे असे कागद चालतील का, अशी शंका येते. अधिनियमातील ‘अविभक्त भारत’ ही व्याख्या १९३५ च्या कायद्यावर बेतलेली असून तीत संस्थानांचा मुलूखही येतो, म्हणून शंकेचे कारण नाही. अडचण लिपीची आहे. मोडीतील दाखला आजच्या लिपिकाला वाचता येत नाही. जाणकाराकडून लिप्यंतर करून हिंदी वा इंग्रजी भाषांतर जोडावे.

नागरिकत्वाचा अर्ज केंद्रीय गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरून त्याची प्रत राहत्या जिल्ह्याच्या कलेक्टरकडे द्यावयाची असते; चौकशीनंतर तो राज्य शासनामार्फत दिल्लीस जातो. तोवर सून व्हिसावर असेल, तर त्यावरील नोंदणीची अट मुदतीत पाळावी. परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ अमलात आला आहे. कलम ५ खालील नोंदणीसाठी भाषेच्या ज्ञानाची अट नाही, ती देशीयकरणासाठी आहे. माळवी बोलीत भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या सुनेला तीही जड गेली नसती. मात्र मूळ देशाचे नागरिकत्व सोडण्याची घाई करू नये. आपल्या शासनाकडून अर्ज मान्य झाल्याचे पत्र येईल, त्यात जो क्रम व जी मुदत दिली असेल, त्याप्रमाणेच ते सोडावे आणि त्याचा दाखला कलेक्टर कचेरीत देऊन पोच घ्यावी.