दुसऱ्याचा आजार आणि आपला स्पीकर

रिद्धपूरहून अमरावतीला जाणाऱ्या एस.टी.त आम्ही उभे होतो. पुढच्या सीटवरच्या बाईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला आणि अर्ध्या गाडीने ऐकले, "मावशी, पोरीच्या थुंकीत टीबी निंघाला म्हन्तेत." पोरीचे नावही आले. गाडीत त्याच वस्तीतल्या दोघी-तिघी होत्या. संध्याकाळी बातमी नळावर पोचली आणि आठवडाभरात त्या मुलीने गोळ्या आणायला जाणे सोडले.

हे फार धोक्याचे आहे. टीबी बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, साध्या टीबीचा कोर्स सहसा सहा महिन्यांचा असतो. औषध नियमित सुरू झाले की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. पण गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. म्हणजे त्या एका फोनने मुलीची लाजही गेली आणि उपचारही.

बाईंच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांना कमी ऐकू येते. घरोघरी म्हाताऱ्यांची हीच अडचण आहे, तेव्हा त्यांच्यावर चिडू नका. बोलणे चालू असताना बाजूचे बटण दाबून आवाज वाढवून द्या. "गाडीत हाओ, उतरल्यावर बोलतो," एवढे म्हणायला शिकवा. आणि फोन करणाऱ्यानेही आधी विचारावे, "जवळ कोण आहे?" रिपोर्ट त्यानंतर सांगावा.

विश्वासाने सांगितलेली एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. टीबी, गर्भपात, मनाचे आजार यांनाही घरात हाच नियम लावा. वॉर्डातल्या बाळंतिणीचा फोटो स्टेटसला टाकतानाही तिला विचारा. मागच्या खाटेवरची बाई त्यात दिसते का, तेही पाहा.

राहिला रील्सचा गोंगाट. दवाखान्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येते. मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय व्हिडिओ-गाणी लावायला बंदी केली. आपल्या विहारात वंदनेला फोन बंद असतो. वॉर्डात तेवढे जमायला काय हरकत आहे?

त्या मुलीच्या घरी आम्ही तीनदा गेलो. चौथ्यांदा ती गोळ्या घ्यायला आमच्यासोबत निघाली, पण नळाचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने.