पश्चिमेला दिसणारी जहाजं कुठं जातात?

सभासदहो, रात्री जाळं टाकून बसलं की पश्चिमेला दिव्यांची रांग सरकताना दिसते. एवढी जहाजं जातात तरी कुठं, असं आपली तरुण पोरं विचारतात.

खरा हमरस्ता आपल्यापासून खूप दूर आहे. आखातातलं तेल घेऊन चीन-जपानकडे जाणारे टँकर होर्मुझमधून निघतात, अरबी समुद्र तिरपा कापतात, मिनिकॉयच्या उत्तरेकडच्या नाईन डिग्री चॅनेलमधून पार होतात आणि श्रीलंकेखालून मलाक्का गाठतात. २०२४ साली होर्मुझमधून रोज सुमारे २ कोटी बॅरल तेल जात होतं.

आपल्याला दिसतात ती बहुतेक फाट्यावरची जहाजं. मुंद्रा, न्हावा-शेवाहून कोची, कोलंबोला जाणारी. कोलंबोत त्यांचे कंटेनर मोठ्या जहाजांवर चढतात. शिवाय मुरगावला येणारी आहेतच : कोळसा उतरवायचा, लोहखनिज भरायचं.

फाट्यावरचं म्हणून हलकं समजू नका. २०२५ च्या मे महिन्यात विळिंजमहून कोचीला निघालेलं ‘एमएससी एल्सा ३’ कलंडलं आणि २५ तारखेला बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले आणि धंदा बंद पडला तो तिथल्या मच्छीमारांचा.

आता आपल्या कामाचं. मोठ्या जहाजाला पुढे-मागे दोन पांढरे दिवे असतात, मागचा उंच. खालचा दिवा ज्या बाजूला दिसेल, त्या बाजूला जहाज चाललंय. दोन्ही एकावर एक आले आणि लाल-हिरवा एकदम दिसू लागला, तर ते सरळ आपल्यावर येतंय. दुसरी खूण : होकायंत्रावर त्याची दिशा बदलत नाही, पण जहाज मोठं मोठं होतंय, तर टक्कर ठरलेलीच.

मासे धरणाऱ्या बोटीला जहाजाने वाट द्यावी, असा साधारण नियम आहे. पण आपण मासे धरतोय हे त्याला कळायला हवं ना! ट्रॉलला पांढऱ्या दिव्यावर हिरवा, इतर जाळ्यांना पांढऱ्यावर लाल. हल्ली शोभेच्या रंगीत एलईडी माळांत हे दिवे हरवूनच जातात. त्यात कंटेनर रचलेल्या जहाजावरून नाकासमोरचं ५०० मीटरपर्यंतचं पाणी दिसलं नाही, तरी ते कायद्यात बसतं. इतक्या जवळ आलेल्या जहाजाला ब्रेक नसतो. थांबायला त्याला मैलभर, कधी त्याहून जास्त पाणी लागतं. म्हणून व्हीएचएफ चॅनेल १६ वर ठेवा, आणि जाळं ओढताना एक जण पश्चिमेकडे बघत राहू दे.