मातीला वेळ मागून घे

सीताबर्डी, नागपूर
18 जानेवारी

चि. सुमेध,
सप्रेम जयभीम.

ताईने सगळं कळवलं. गावच्या स्मारक समितीने बाबासाहेबांच्या पुतळ्याचं काम तुला द्यायचं ठरवलं, याचा मला फार आनंद झाला. पंधरा फूट उंची, ब्राँझ, आणि अनावरण येत्या 14 एप्रिलला, असं समितीचं म्हणणं आहे आणि तू होकार द्यायच्या बेतात आहेस. काम घे. पण ही तारीख घेऊ नकोस, आणि ही उंचीही घेऊ नकोस.

तीन महिन्यांत काय काय बसवायचं ते आधी मांडून बघ. सांगाडा उभा करून माती चढवायची. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यायची. मग प्लास्टरचा साचा, साच्यात मेणाचा थर, आत गाभा, मेणाला धातू जायच्या आणि हवा निघायच्या नळ्या, वरून पुन्हा आवरण, आणि मग मेण वितळून जाऊन साचा आतपर्यंत कोरडा होईस्तोवर भट्टी. तांबं 1085 अंशाला वितळतं. ब्राँझचा रस ओतताना त्याच्या आसपास किंवा थोडा वरच असतो, आणि साच्यात ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन साचा फुटतो; भाजतो तो जवळ उभा असलेला ओतारी. त्यानंतर तुकडे जोडणं, सांधे घासणं, चेहऱ्यावर छिन्नीने पुन्हा हात फिरवणं, रसायनांनी रंग चढवणं. भट्टीला लागतो तेवढा वेळ लागतोच. ओतारी आपले दिवस मागून घेतो, वेल्डर मागून घेतो. माती काही मागत नाही, म्हणून दर वेळी कापला जातो तो तिचाच वेळ. आणि मातीत जे उतरलं नाही ते धातूत कुठून येणार?

आपल्याकडच्या चौकाचौकांत जे पुतळे माणसासारखे दिसत नाहीत, त्यांतल्या बहुतेकांचं कारण हे आहे. शिल्पकाराला हात नव्हता असं नाही. त्याने मातीतून डोळे काढायच्या दिवसांत मंडपवाला आणि पाहुणे ठरून गेलेले होते.

आता उंची. संसद भवनाच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा बी. व्ही. वाघ यांनी केला. 2 एप्रिल 1967 ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी त्याचं अनावरण केलं. तो साडेबारा फुटांचा आहे. नानासाहेब करमरकरांचा पुण्याचा अश्वारूढ शिवाजी, 1928 चा, सुमारे साडेतेरा फूट उंच आणि आठ टन वजनाचा. माझगाव गोदीत एकसंध ओतलेला. या दोन्ही पुतळ्यांपुढे उभं राहून कुणाला ते ठेंगणे वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. लोकांच्या वर्गणीत पंधरा फूट बसवायचे तर तू कुठेतरी काटकसर करशील, आणि ती आत करशील, कारण बाहेर ती दिसते. पत्रा पातळ होईल, स्टेनलेस स्टीलच्या जागी साधं लोखंड येईल. साधं लोखंड ब्राँझला चिकटून ओलीत राहिलं की लोखंडच आधी गंजतं, आणि वरून पुतळा चकचकीत दिसत राहतो. मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या 35 फुटी पुतळ्याचं अनावरण 4 डिसेंबर 2023 ला झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशी कारणं दिली. कोसळलेल्या पुतळ्याचे फोटो पाहून कितीतरी लोक रडले. शिल्पकार म्हणून मला त्या दिवशी आपल्या साऱ्या धंद्याची मान खाली गेल्यासारखं वाटलं.

तू नऊ फूट सांग. सांगाड्याचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीनिशी घे, त्याची फी अंदाजपत्रकात उघडपणे लिही. ब्राँझ म्हणजे तांबं 85 टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच, असं प्रमाण लेखी ठरव आणि ओतलेल्या धातूचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घे. बाजारात ब्राँझच्या नावाखाली बरंच पितळ खपतं. सांधे जोडायची सळई त्याच मिश्रणाची वापर, नाहीतर दोन पावसाळ्यांनी पुतळ्याच्या अंगावर शिवणी उमटतात. आणि तळव्यांजवळ पाणी निघायला छिद्रं ठेव, आत दमट हवेचं पाणी साचतंच.

चेहऱ्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. दुसऱ्या पुतळ्यावरून पुतळा करू नकोस. कोट, पुस्तक, वर केलेलं बोट, एवढं जमलं की लोक ओळखतात, आणि ओळखलं की शिल्पकाराला वाटतं काम झालं. कोल्हापूरच्या बिंदू चौकात बाळ चव्हाणांनी केलेला पुतळा डिसेंबर 1950 मध्ये उभा राहिला तेव्हा बाबासाहेब हयात होते. त्या शिल्पकारासमोर आयता साचा नव्हता. त्याला माणसाकडेच पाहावं लागलं. तूही तसंच पाहा. वेगवेगळ्या वयांचे फोटो जमव, महाडच्या सत्याग्रहाच्या काळातले वेगळे लाव, 1956 मधले वेगळे. शेवटच्या वर्षांत आजारपणाने चेहरा किती बदलला होता ते बघ, आणि समितीला विचार की गावाला कोणते बाबासाहेब हवे आहेत. मग एक दिवस काढून चिचोलीला शांतिवनात जा. वामनराव गोडबोल्यांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तिथे आहेत, त्यांत त्यांचे कपडे आहेत. खांदा केवढा, कोट कुठे सैल पडत असेल, हे कुठल्याही फोटोपेक्षा तिथे जास्त कळेल. वही घेऊन जा आणि निवांत बस.

चष्म्याचा विचार मातीतच कर. फ्रेम खऱ्या जाडीची केलीस तर ओतताना धातू पुरता भरत नाही आणि पुढे कुणाचा धक्का लागून ती तुटते. फार जाड केलीस तर दुपारी डोळ्यांवर सावली पडून नजर नाहीशी होते. आपल्या विदर्भातलं ऊन डोक्यावरून येतं. बुबुळ खोल कोर म्हणजे त्याच उन्हात नजर जिवंत राहील.

बर्डीला येशील तेव्हा संविधान चौकातल्या बाबासाहेबांसमोर आणि व्हरायटी चौकातल्या गांधीजींसमोर तासभर उभा राहा. पुतळ्यांकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघ. कुणी बसमधून पाहतं, कुणी सिग्नलला थांबून मान वर करतं, कुणी मोर्चाच्या आधी पायाशी येऊन उभं राहतं. सगळे खालून पाहतात. वर्कशॉपमध्ये तू समोरासमोर उभा राहून काम केलंस तर चौथऱ्यावर गेल्यावर डोकं लहान आणि पाय मोठे दिसतील. माती सुरुवातीपासून उंचावर ठेव, नाहीतर दर थोड्या वेळाने जमिनीवर बसून बघ. मागे झीरो माइलपाशी गोवारी शहीद स्मारक आहे, तिथेही जा. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारींच्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत 114 जण गेले, बायका आणि लहान मुलं त्यांत फार होती. दरवर्षी त्या तारखेला त्यांची माणसं तिथे येतात. स्मारक कुणासाठी बांधायचं असतं हे मला कुठल्या कला महाविद्यालयापेक्षा त्या गर्दीत अधिक समजलं.

आणि हार. वर्षातून निदान दोनदा गावातला कुणीतरी शिडी लावून वर चढेल. शिडी टेकणार ती हातावर किंवा पुस्तकावर. म्हणून चौथऱ्याच्या मागच्या बाजूने दगडी पायऱ्या आखून दे. म्हाताऱ्या आजीलासुद्धा स्वतःच्या हाताने फूल वाहता आलं पाहिजे; तिनेही वर्गणी दिली आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. हप्ते टप्प्यांवर बांध: सांगाडा, माती, मेण, ओतकाम, उभारणी. ओतकामाच्या आधी धातूची पूर्ण रक्कम हातात हवी. चौथऱ्याच्या मागच्या बाजूला तुझं नाव आणि ओतकाम करणाऱ्याचं नाव कोरलं जाईल, हे करारात घाल.

तू विचारलंस म्हणे की यातच आयुष्य काढावं का. राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, सुताराच्या घरचे. वेरूळ-अजिंठ्याच्या जुन्या शिल्पांच्या डागडुजीवर त्यांनी काही वर्षं काढली, गांधीजींचे पुतळे किती घडवले, आणि 182 मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा आला तो नव्वदीनंतर. करमरकरांनी राजेमहाराजे घडवले, पण अलिबागजवळच्या सासवण्याला त्यांच्या घरी गेलास तर शंख फुंकणारा माणूस, कोळीण आणि म्हैस भेटते. गणपतराव म्हात्र्यांनी पुढे कितीही पुतळे केले तरी ‘मंदिरपथगामिनी’ त्यांनी विशीत, कुणी न सांगता केली होती. मागणीचं काम घर चालवतं, त्यात कमीपणा नाही. पण वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात नेहमी एखादी अशी मूर्ती असू दे की जिची कुणीही ऑर्डर दिलेली नाही. माझ्याकडे ती कमी राहिली, तुझ्याकडे राहू नये असं मला मनापासून वाटतं.

समितीला तारखेबद्दल असं सांग: येत्या 14 एप्रिलला पुतळा नाही, मातीचं डोकं तयार असेल. सगळ्या गावाने येऊन बघावं. बाबासाहेबांना 1956 मध्ये दीक्षाभूमीवर पाहिलेलं एखादं म्हातारं माणूस गावात असेल तर त्याला पहिलं बोलवा, आणि ते नाक किंवा ओठ बरोबर नाही म्हणालं तर वाद न घालता माती ओली कर. अनावरण पुढच्या वर्षीच्या जयंतीला. समितीवाले नाराज होतील. काम दुसऱ्याकडे देऊ असंही म्हणतील, आणि कदाचित देतील. तरीही तारखेवरून हटू नकोस.

अंदाजपत्रक समितीला द्यायच्या आधी रविवारी माझ्याकडे घेऊन ये. इंजिनिअरची फी आणि धातूतली घट या दोन ओळी लोक नेहमी विसरतात, त्या आपण एकत्र बसून भरू. ताईला माझा जयभीम सांग.

तुझा,
मामा