आधी हवा, मग जेट, शेवटी व्हॉल्व्ह

टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरात एक्झॉस्ट पोर्टची वरची कड किती उंच असावी, या एका प्रश्नावर इंजिनाचा सगळा स्वभाव ठरतो. कड उंच ठेवली तर पोर्ट लवकर उघडते आणि उशिरा मिटते. जळालेला वायू बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळतो आणि इंजिन वरच्या फेऱ्यांत मोकळे धावते. पण कमी फेऱ्यांवर तेच पोर्ट ताजे मिश्रण सायलेन्सरकडे सांडते, आणि चढावर किंवा वाळूत गाडी दम टाकते. कड खाली ठेवली तर याच्या उलट. पॉवर व्हॉल्व्ह म्हणजे या कडेशी बसवलेली हलती झडप. कमी फेऱ्यांवर ती खाली येऊन पोर्टची उंची काही मिलिमीटरने घटवते, फेरे वाढले की वर सरकून वाट मोकळी करते.

व्हॉल्व्ह उघडताच गाडी पुढे झेपावते, म्हणून ताकद व्हॉल्व्हमुळे आली असे चालवणाऱ्याला वाटते. वास्तविक पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह नसल्यासारखेच असते. तेव्हाची ताकद पोर्टची आणि सायलेन्सरआधीच्या फुगीर नळीची, म्हणजे एक्स्पान्शन चेंबरची. व्हॉल्व्हचे खरे काम तो मिटलेला असताना चालते. टू-स्ट्रोकमध्ये खरे कॉम्प्रेशन एक्झॉस्ट पोर्ट मिटल्यानंतरच सुरू होते, आणि खाली आलेली झडप ते लवकर सुरू करून देते. ही गोष्ट ध्यानात न घेता स्प्रिंगला हात घातला की काय होते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने लखनौच्या अमीनाबादमध्ये एका हिवाळ्यात घेतला. पुढील सूचना त्यातूनच आल्या आहेत.

यामाहाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ५०० सीसीच्या शर्यती गाड्यांवर असा व्हॉल्व्ह आणला. १९८३ मध्ये परदेशात आरडी ३५० ला तो मिळाला. त्याच वर्षी एस्कॉर्ट्सने भारतात आणलेली राजदूत ३५० मात्र मूळ १९७३ च्या आरडी ३५० वर बेतलेली होती. तिच्यात हा व्हॉल्व्ह नव्हता. १९८५ च्या आरएक्स १०० मध्येही नव्हता. लखनौत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडियाच्या विजय सुपर आणि लॅम्ब्रेटा तर साध्या पिस्टन-पोर्टच्या. त्यामुळे पुणे-कोल्हापूर असो की लखनौ, आपल्याकडच्या मेकॅनिकचा हात कायम स्थिर पोर्टवर बसला. पोर्टला कानस मारायची, चेंबर बदलायचा, कार्ब्युरेटरचा मेन जेट वाढवायचा, ही त्याची विद्या. त्या इंजिनांवर ती खरीच विद्या होती, आणि ती बाळगणारी माणसे आदराला पात्र आहेत. पॉवर व्हॉल्व्हच्या इंजिनाला मात्र ती जशीच्या तशी लावता येत नाही. या सिलिंडरांना आतून निकासिलचा पातळ, अतिशय कठीण थर असतो. पोर्टच्या कडेला कानस लागली की थर तिथून उचलला जातो, आणि लोखंडी स्लीव्हसारखे रिबोअर करून सुटका होत नाही.

लेखकाची गाडी २५० सीसीची, कार्ब्युरेटरची, केटीएम घराण्यातील एंड्युरो. पुण्यात ती नीट चालत होती. लखनौला आणल्यावर जानेवारीतल्या पहिल्याच सकाळी, मलिहाबादकडच्या आंब्याच्या बागांपलीकडे एका खाजगी पडीक जमिनीवर, तिने वेगळे वागायला सुरुवात केली. (अशा गाड्या रस्त्यावर चालवायच्या नसतात, टेम्पोतून न्याव्या लागतात.) थ्रॉटल अर्ध्यावर उघडला की इंजिन क्षणभर श्वास अडकल्यासारखे थबके आणि मग एकदम झेप घेई. लेखकाने निदान केले की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आहे. हे निदान चुकीचे होते, आणि पुढचे सगळे नुकसान त्यातूनच झाले.

या घराण्यातील जुन्या रचनेत व्हॉल्व्ह हलवणारा गव्हर्नर क्लचच्या बाजूला असतो. फेरे वाढले की उतरत्या खाचांतील पोलादी गोळ्या बाहेर सरकतात आणि दांडा ढकलतात. स्प्रिंग त्याला अडवते. कव्हरवरचा स्क्रू आत फिरवला की स्प्रिंग आधीच दाबली जाते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडू लागतो. बाहेर काढला की लवकर. उघडायला सुरुवात झाल्यावर तो किती झपाट्याने उघडेल, हे दुसरी सहायक स्प्रिंग ठरवते. तिचे तीन रंग मिळतात. पिवळी मूळची, लाल झपाट्याने उघडू देणारी, हिरवी सावकाश उघडू देणारी. म्हणजे स्क्रू सुरुवात ठरवतो आणि रंग चढण ठरवतो. दोन्ही एकाच वेळी बदलले तर फरक कशाने पडला ते कळायचा मार्ग उरत नाही. (२०२४ च्या टू-स्ट्रोक एंड्युरो मॉडेलांपासून हे काम विजेच्या मोटरकडे गेले आहे. भारतात आलेल्या कावासाकी केएक्स ११२ मध्येही पॉवर व्हॉल्व्ह आहे, पण त्याची रचना निराळी. तिथे त्याच गाडीची पुस्तिका पाहावी.)

लेखकाने दोन्ही एकाच दिवशी बदलले. लाल स्प्रिंग बसवली, स्क्रू एक पूर्ण फेरा बाहेर काढला. थबकणे गेले नाही. झेप मात्र इतकी तीव्र झाली की मागचे चाक ओल्या मातीत आडवे जाऊ लागले. मग लाटूश रोडवरून पोलादी तार आणून मुख्य स्प्रिंगच्या मापाची, पण अधिक मऊ, स्प्रिंग वळवून घेतली. तारेची जात आणि पाणी देण्याची पद्धत ठाऊक नसताना वळवलेली स्प्रिंग तापल्यावर आपली लांबी राखत नाही. व्हॉल्व्ह आता जवळजवळ कायम उघडाच राहू लागला. खालची ओढ नाहीशी झाली, म्हणून चालवणारा थ्रॉटल पूर्ण उघडून धावू लागला. तिसऱ्या दिवशी लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला इंजिन सीझ झाले. सिलिंडर काढल्यावर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला ओरखडे आणि भिंतीवर पसरलेले ॲल्युमिनियम दिसले. व्हॉल्व्ह, गोळ्या, दांडा, सगळे निर्दोष होते.

दोष हवेत होता. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, लखनौ सुमारे १२० मीटर. या फरकानेच हवा ५ टक्क्यांहून अधिक दाट होते. पुण्यातली जानेवारीची दुपार २९ अंशांची, लखनौची सकाळ ८ अंशांची धरली, तर त्यात आणखी ७ टक्क्यांची भर पडते. एकूण सुमारे १३ टक्के. कार्ब्युरेटर यातला जवळपास निम्मा फरक स्वतःच भरून काढतो, कारण दाट हवा जेटमधून पेट्रोलही थोडे अधिक खेचते. उरलेले ६ टक्के जेटनेच भरायचे असतात. या गाडीच्या केहिन कार्ब्युरेटरच्या जेटचा आकडा म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात छिद्राचा व्यास, आणि प्रवाह व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून १६५ च्या जागी १७० घातला की नेमके ६ टक्के अधिक पेट्रोल मिळते. पुण्याच्या जेटवर धावणारी गाडी लखनौच्या थंडीत पेट्रोलसाठी तळमळत होती. अर्ध्या थ्रॉटलवरचे थबकणे हेच सांगत होते. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण आणखी ७ ते ८ टक्के पातळ होते, त्यामुळे जुन्या जेटवर विसंबणे पूर्वीपेक्षा धोक्याचे आहे.

यावरून तपासणीचा क्रम ठरतो. गाडी गाव किंवा ऋतू बदलून आली असेल तर पहिला संशय हवेवर घ्यावा. मग गळतीवर: कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधला रबर, क्रँकचे सील. थ्रॉटल सोडल्यावरही फेरे वर रेंगाळत असतील तर हवा कुठून तरी आत येत आहे. त्यानंतर प्लग. इंजिन पूर्ण थ्रॉटलवर धावत असताना क्लच दाबून, त्याच क्षणी बंद करून तो काढावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये प्लगच्या टोकाचा रंग फारसा सांगत नाही. चिनीमातीच्या तळाशी उमटणारी कडी पाहावी. ती चॉकलेटी असेल तर ठीक. कडी नसेल आणि सगळे पांढरे असेल तर गाडी पुढे दामटू नये, जेट वाढवावा.

एवढे झाल्यावर व्हॉल्व्हकडे वळावे, आणि तिथेही स्प्रिंगआधी कार्बन पाहावा. स्कूटरसाठी मिळणारे साधे २टी तेल आणि गरजेपेक्षा घट्ट मिश्रण यांनी झडपेच्या खाचांत डांबरासारखा थर बसतो. मग व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, किंवा उघडलेलाच अडकतो. जासो एफडी दर्जाच्या तेलाने हा त्रास पुष्कळ कमी होतो. साफसफाईच्या बाबतीत एक इशारा गंभीरपणे द्यावा लागतो. आपल्याकडे पोलादी सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात उकळून कार्बन काढतात, आणि पोलादाला त्याने काही होत नाही. ॲल्युमिनियमची झडप मात्र त्यात घातली तर सोडा तिला खातो, कडा विरघळतात, माप कायमचे जाते. झडप रॉकेलमध्ये किंवा कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवावी, लाकडी किंवा पितळी काडीने खरवडावी. पोलादी पाते सिलिंडरच्या आत जाता कामा नये.

परत बसवताना झडप पिस्टनला शिवत नाही याची खात्री हाताने करावी. प्लग काढून क्रँक सावकाश पूर्ण फिरवावा, एकदा झडप मिटलेली धरून, एकदा उघडलेली धरून. तळाच्या गॅस्केटची जाडी बदलली असेल तर पोर्टची उंची आणि झडपेचे अंतर दोन्ही बदललेले असतात, तेव्हा हे पाऊल टाळूच नये. किक मारून "बघू" म्हणणे इथे फार महाग पडते.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी तो अलगद आत बसेपर्यंतचे फेरे मोजून लिहून ठेवावेत आणि मूळ जागी परत आणावा. मग पाव फेरा, एका वेळी एवढाच. प्रत्येक बदलानंतर तोच चढ, तोच गिअर, इंजिन पूर्ण तापलेले. ओल्या मातीत, मुळांवरून किंवा सैल दगडांवरून जायचे असेल तर स्क्रू किंचित आत किंवा हिरवी स्प्रिंग. उघड्या, कोरड्या ट्रॅकवर लाल. नवशिक्याला लाल देऊ नये. तीव्र झेपेला घाबरून तो थ्रॉटल अर्धवट धरून चालवतो आणि गाडीशी त्याची ओळखच होत नाही.

लखनौचा उन्हाळा हे सगळे उलटे करतो. मे महिन्यात ४३ अंशांवर हवा जानेवारीच्या सकाळपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. थंडीतला १७० चा जेट तेव्हा घट्ट मिश्रण देतो, कार्बन वाढतो, आणि व्हॉल्व्ह जड चालू लागतो. तेव्हा उशिरा येणारी झेप पाहून स्क्रू बाहेर काढावासा वाटतो. पण जेट उतरवून व्हॉल्व्ह पुसला की ती तक्रार बहुधा मिटते. लेखकाच्या वहीत आता दर वेळी तारीख, तापमान, जेट, स्क्रूचे फेरे आणि स्प्रिंगचा रंग लिहिलेला असतो. नवा पिस्टन घालून आणि सिलिंडरला नवा थर देऊन इंजिन पुन्हा उभे राहिले, तेव्हाची पहिली ओळ आहे ९ अंश, १७०, मूळ जागा, पिवळी. मेमधल्या ओळीत फक्त जेट बदललेला आहे: १६५.