होडीत जीपची सीट बसवू का?

प्रश्न : धाकट्या भावाच्या नादाने आम्ही 12 फुटांची हलकी ॲल्युमिनिअमची होडी घेतली. गावाजवळच्या तलावाचा ठेका आमच्या मच्छीमार संस्थेकडे आहे. बाबा पहाटे चारला जाळी उचलायला जातात, पण पत्र्याच्या बाकावर दोन तास बसलं की कंबर धरते. भंगारात काळ्यापिवळ्या जीपची सीट स्वस्तात मिळते आहे. नटबोल्ट मारून बसवावी का?
– एक वाचक, खोडाळा, ता. मोखाडा

उत्तर : नको. सीट वाईट आहे असं नाही. जीपला चार चाकं आहेत, तुमच्या होडीला नाहीत.

भाताच्या पेंढ्यांची गाडी मोखाड्याच्या उतारावर कशी डोलते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बैल तेच, चाकं तीच. वर दोन थर जादा चढले की गाडीवान खाली उतरून चालतो. होडीचंही तसंच. तुमची होडी रिकामी साधारण 50 किलोची असेल, बाबा 60 किलोचे धरू. म्हणजे पाण्यावरच्या वजनात निम्म्याहून जास्त वजन बाबांचंच. त्यांना गादीवर बसवून 15 सेंटिमीटर वर उचललं, तर होडी आणि माणूस मिळून जो गुरुत्वमध्य असतो तो आठेक सेंटिमीटर वर जातो. चार बोटं! ऐकायला काहीच नाही. पण जेमतेम चार फूट रुंदीच्या होडीत बाबा काठावरून वाकून ओलं जाळं ओढत असतात, तेव्हा हीच चार बोटं होडी कलती करतात.

दुसरी भीती नटबोल्टची. घरी आहात तर आत्ताच होडीजवळ जा आणि आडव्या बाकावर बोटाने टकटक करून पाहा. दबका आवाज आला तर आत फोम आहे, घुमला तर हवाबंद पोकळी. बनवणाऱ्याने ते बाक नुसतं बसायला केलेलं नाही. लाकडी डोंगा उलटला तरी तरंगत राहतो, कारण लाकूड पाण्याहून हलकं. ॲल्युमिनिअमला आपण हलकं म्हणतो ते लोखंडाच्या मानाने. पाण्याच्या ते 2.7 पट जड आहे. पाणी भरलं की अशी होडी सरळ तळ गाठते. तिला वर धरून ठेवायचं काम या बाकाचं. हिशेब करून पाहा : 50 किलोच्या पत्र्याचं पाण्याखालचं वजन साधारण 31 किलो उरतं, म्हणजे तो तरंगायला 32-33 लिटर फोम हवा. तेलाचे दोन पंधरा लिटरी डबे आणि वर थोडा. बाकाला भोक पाडलंत की पाणी या जागेतच शिरणार. शिवाय ही बाकं दोन्ही कडा आतून ताणून धरतात. बसायला ऐसपैस व्हावं म्हणून मधलं बाक कापणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यांच्या होड्या पहिल्याच पावसाळ्यात पापडासारख्या लपलपायला लागल्या.

आता मुळात कंबर का धरते ते बघू. एक तर पाठीला टेकू नाही. दुसरं म्हणजे ॲल्युमिनिअम उष्णता लाकडापेक्षा शेकडो पट झपाट्याने वाहून नेतं. पौषातल्या पहाटे बाक अंगातली ऊब ओढून घेतं आणि वैशाखात दहा वाजता तव्यासारखं तापतं. दोन्हीवर इलाज बाकावर जाड आसन आणि पाठीमागे टेकू हाच. त्यासाठी उंची वाढवायची गरज नाही.

आसनाला साधा स्पंज घेऊ नका. तो पाणी पितो आणि आठवडाभर वास मारतो. लहान मुलांच्या खेळाच्या जाड रबरी चटया मिळतात ना, एकमेकींत अडकणाऱ्या, त्या पाणी शोषत नाहीत. बाकाच्या मापाने दोन थर कापून चिकटवा. उंची दोन-तीन सेंटिमीटर वाढेल, तेवढं चालतं.

टेकूसाठी भंगारवाल्याकडे जायचंच असेल तर पाय मोडलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणा. उरलेले पाय बुडापासून कापा, खुर्ची एका फळीवर घट्ट बसवा आणि फळी बाकाला पट्ट्याने आवळा. ट्रकवाले माल आवळायला वापरतात तो खटक्याचा पट्टा उत्तम. ही उंचीही मोजा. बाकापासून चार बोटांच्या जवळ गेली तरी खुर्ची रद्द. माझी पसंती मात्र बांबूला. तुमच्या जव्हार-मोखाड्यात टोपल्या आणि कणग्या विणणारे हात गावोगाव आहेत. सुपासारखी किंचित खोलगट, दीड हात उंचीची पाठ विणून घ्या, खालच्या दोन दांड्या बाकाच्या पुढे-मागे येतील अशी. वजन किलो-दीड किलो. दोन वर्षांनी कुजली तर नवी विणायची. फक्त बांबू आणि पत्रा यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला, कारण ओलं लाकूड सतत चिकटून राहिलं तर ॲल्युमिनिअमला खड्डे पडतात. तांब्याच्या वायरचे तुकडे होडीच्या तळाशी पडू देऊ नका. ओल्यात तांबं ॲल्युमिनिअमला खातं. गोड्या पाण्यात हे सावकाश होतं, डहाणू-सातपाटीकडे खाऱ्या पाण्यात फार लवकर.

टेकू काढता-घालता आला पाहिजे. वल्हं मारताना माणूस मागे झुकतो, तेव्हा पाठ आडवी येते. जाळ्यावर थांबलं की लावायची. आणि बाबांना एकटं असताना मधल्या बाकावर बसवा. मागच्या टोकाला बसले तर नाळ वर उचलते आणि खोऱ्यातला वारा होडीला भोवऱ्यासारखी फिरवतो.

जाता जाता : कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा किंवा 1957 सालचं मोडक सागर, ही धरणं मुंबई महापालिकेची, पिण्याच्या पाण्याची आहेत. चैत्रात टँकरची वाट पाहणाऱ्या मोखाड्याला त्याबद्दल जे वाटायचं ते वाटो, पण नवी होडी घेऊन विनापरवाना तिथे जाऊ नका.

पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात होडी न्या. बाबांना नव्या आसनावर बसवून जाळं ओढायचा नुसता अभिनय करायला सांगा, तुम्ही बाहेर उभे राहून काठ किती खाली येतो ते बघा. त्यांच्या अंगात जीवरक्षक जॅकेट असू द्या. पाठीला तेही मऊ लागतं. जीपची सीट घ्यायचीच असेल तर ओटीवर ठेवा.